सिलेंडर आला का?

बुधवार, रात्री 11

सिलेंडर आला का, हे आज यांनी चौथ्यांदा विचारलं आणि मी ओरडले. पिंट्या खोलीतून बाहेर आला इतक्या जोरात. पाचव्यांदा यांनी विचारलंच नाही. तेच जास्त लागलं. विसरले म्हणून नाही विचारलं, की मला घाबरून?

प्राचीने दिलेले कागद वाचल्यापासून माझं हे असं चाललंय. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातला अभ्यास, 2000 साली छापलेला. डोक्याला मार लागलेले 120 सैनिक. चिठ्ठ्या काढाव्यात तशी वाटणी केली. 67 जणांना 8 आठवडे तिथेच ठेवून रोज सराव, 53 जण घरी. घरी गेलेल्यांना आठवड्यातून एकदा नर्सचा फोन. वर्षाने बघितलं तर कामाला लागलेले तिथले 90 टक्के, घरी गेलेले 94. मला रडूच फुटलं. म्हणजे यांना घरी आणलं ते चुकलं नव्हतं! कागद तसाच नेऊन आईंना दाखवावा असं वाटलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पुढे लिहिलंय, एक तासाहून जास्त बेशुद्ध राहिलेल्यांचं वेगळं. त्यांच्यातले रुग्णालयात राहिलेले 80 टक्के पुन्हा लष्करी सेवेला योग्य ठरले, घरी गेलेले 58.

एक तास. हे अकरा दिवस बेशुद्ध होते.

प्राची म्हणते, "काकू, तो मोठ्या गटातून वेगळा काढलेला छोटा गट आहे, तेवढ्यावरून काही पक्कं ठरत नाही." कळतं मला. पण त्या 80 आणि 58 च्या मधली जी माणसं, त्यांत हे असतील का? सही मी केली होती. ठेवायचं म्हणाले असते तर ठेवलं असतं का मी? पिंट्याची दहावी होती, आईंचे गुडघे, आणि मलाही आता... जाऊ दे.

नर्सचा फोन सैनिकाला यायचा. घरातल्या बाईचं वर्षभरात काय झालं, तो रकाना मला कुठे दिसला नाही. दोनदा शोधला.

संध्याकाळी लाइट गेली तेव्हा पिंट्याने पत्ते काढले. मेंढीकोट. हे माझे भिडू. मी हुकूम टाकायला गेले तर यांनी मान हलवली. किलवरची मेंढी अजून बाहेर होती. मी विसरले होते, यांच्या लक्षात होती. आपला आर्मी नंबर झोपेतून उठवलं तरी सांगतात, तसंच हेही कुठेतरी नीट ठेवलेलं असणार. कुठे काय शाबूत आहे ते असंच एकेक सापडणार. कागदात नाही सापडायचं, आणि मी सारखी तिथेच शोधत बसते.

दिवा मालवताना म्हणाले, "सिलेंडर आला का?"

"आला हो, सकाळीच."

"वजन करून घेतलंस?"

हे आज पहिल्यांदाच विचारलं. नव्हतं घेतलं.