तुम्ही विचारलंत म्हणून: लहानपणी सहलीला कुठे जायचात?

पुण्यात नोकरीला आल्यापासून हा प्रश्न दर पावसाळ्यात मला एकदा तरी विचारला जातो. कार्यालयातली मंडळी लोणावळ्याचा किंवा माळशेजचा बेत आखत असतात आणि मध्येच कोणाला तरी माझी आठवण होते. "तुमच्या मराठवाड्यात ना समुद्र, ना घाट, मग घरचे सगळे मिळून तुम्ही सहलीला कुठे जायचात?" उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून मी "नळदुर्गला" असे सांगून मोकळा होतो.

ते अगदीच खोटे नाही. बोरी नदीला भरपूर पाणी आले की नळदुर्ग किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, 1613 साली, बांधलेल्या या बंधाऱ्याच्या पोटातच पाणी महाल आहे, त्यामुळे समोर पाणी कोसळत असताना आपण खिडकीत कोरडे उभे राहतो. मी हे लहानपणी दोनदाच पाहिले आणि दोन्ही वेळा तुळजापूरच्या देवीचे दर्शन आटोपल्यावर, कारण नुसते हिंडण्यासाठी एस.टी.चे तिकीट काढणे आमच्या घरातल्या कोणाच्याच डोक्यात येत नसे. खरी सहल निघे ती वर्षातून एकदा, आणि तीही आमच्याच वावरात. तिला येळवस म्हणतात.

पंचांगातली ती मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजेच वेळ अमावास्या. लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत तिचे महत्त्व दिवाळीपेक्षा कमी नाही, आणि कर्नाटकात हाच सण एळ्ळ अमावास्या म्हणून ओळखतात. माझ्या लहानपणी आमचा औसा तालुका उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातच होता. लातूर जिल्हा 1982 साली वेगळा झाला, पण येळवशीला त्याने काही फरक पडला नाही. डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या आरंभी ज्वारी माणसाला झाकून टाकण्याइतकी वाढलेली असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो, पेरणीची धांदल मागे पडलेली असते आणि सुगी अजून दूर असते. कुणब्याला बसून जेवायला सवड असते ती त्याच दिवसांत.

वावरात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे आणि पूजा झाली की आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची. याला चर शिंपणे म्हणतात. बापू, म्हणजे माझे आजोबा, पुढे चालत आणि आम्ही पोरे मागून "ओलगे ओलगे सालम पोलगे" असे ओरडत असू. त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता आणि बापूंनाही ठाऊक असावा असे वाटत नाही. त्यानंतरच पंगत बसे. तुरीचे आणि हरभऱ्याचे कोवळे दाणे, वाटाणा, गाजर, मेथी, कांद्याची पात असे हाताला लागेल ते बेसन आणि चिंचेच्या पाण्यात शिजवलेली भज्जी, तिच्याबरोबर उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, गव्हाची खीर, आणि या सगळ्यावर आंबील. ज्वारीचे पीठ आंबवून, त्यात ताक घालून, लसूण-जिऱ्याचा वास लावलेली ही आंबील पोटभर प्यायलेला माणूस कोपीच्या सावलीत दोन तास हलत नाही. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवत, आणि ज्याला शेत नसे त्याला आदल्या दिवशीच तिघाचौघांचे आवतण आलेले असे.

एका वर्षीची येळवस मला इतरांहून जास्त स्वच्छ आठवते. आंबील मातीच्या बिंदग्यात असे, बिंदग्याला चुना आणि कावेचे पट्टे ओढलेले असत आणि तोंडाला फडके बांधलेले असे. त्या वर्षी आजीने ती डोक्यावर न घेता गाडीत कडब्यावर ठेवली आणि काकांच्या हौशी बैलांनी ओढ्याच्या उतारावर धाव घेतली. बिंदगे कलंडून फुटले, दोन दिवस आंबवलेली आंबील गाडीच्या फळ्यांतून खाली गळू लागली आणि काका कोणाकडेही न बघता जू सारखे करत राहिले. आजी काही बोलली नाही. तिने पाण्याची रिकामी घागर पुढे केली आणि मागून येणाऱ्या गाड्यांना थांबवायला सुरुवात केली. प्रत्येक घराने आपल्या बिंदग्यातून एकेक तांब्या ओतला. वावरात पोचेपर्यंत घागर गळ्यापर्यंत भरली होती. बापूंनी पहिला घोट घेतला, मिशा पुसल्या आणि आपल्या घरची यापेक्षा आंबट झाली असती असे शांतपणे सांगितले.

हे सगळे मी रंगवून सांगू लागलो की आई मला अडवते. तिच्या मते ती आमची सहल होती. तिच्यासाठी आणि काकूसाठी तो फक्त वावरात नेऊन वाढलेला स्वयंपाक होता. आदल्या रात्री दोघी झोपतच नसत आणि जाताना गाडीत बसल्या बसल्या डुलक्या घेत. तिचे म्हणणे मला नाकारता येत नाही. आता हुरड्याच्या हंगामात शहरातली माणसे पैसे भरून शेतावर येतात, कोणीतरी पगारी माणूस त्यांना वाढतो, याला पूर्वी मी नाक मुरडत असे. आईला मात्र ती पद्धत फार शहाणपणाची वाटते.

तरी एक गोष्ट ती गाळते. दुपारी पुरुषमंडळी कोपीत घोरू लागली की बांधावरच्या कडुलिंबाला कासऱ्याचा झोका बांधला जाई. मी सात-आठ वर्षांचा असेन. बोरे वेचत तिकडे गेलो, तर पदर कमरेला खोचून आई झोक्यावर उभी होती आणि झोका इतका उंच चढला होता की ती ज्वारीच्या कणसांच्या वर येऊन पुन्हा खाली बुडत होती. मला पाहून ती ओशाळली. झोका देणारी आजी मात्र थांबली नाही. "बापूला सांगू नको रे," एवढे म्हणून तिने आणखी एक हेलकावा दिला.