बर्थ पूल, नळाचं पाणी आणि सासूबाईंचं भाण

दुसऱ्या खेपेचं बाळंतपण घरी, पाण्यात करायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, चांगला पूल आणला की झालं. पूल मिळाला. पण 500 लिटर ऊन पाणी, तेही भर जुलैत, गोव्यात बार्देशातल्या आमच्या जुन्या घरात, कळा सुरू होतील त्या वेळी तयार करणं, हे खरं काम होतं.

आधी एक सांगते. माझं पहिलं बाळंतपण हॉस्पिटलात, नॉर्मल झालेलं. या वेळी बाळ एकच, डोकं खाली, बीपी आणि हिमोग्लोबिन ठीक, 37 आठवडे पूर्ण. यातलं एक जरी बिघडलं असतं तर मी घरी राहण्याचा हट्ट धरला नसता. हॉस्पिटलात नाव घातलेलं होतं, म्हापसा 20 मिनिटांवर, आणि शेवटचे तीन आठवडे गाडी रोज रात्री रस्त्याकडे तोंड करून उभी असायची.

नवऱ्याने पहिल्यांदा बाजारातून लहान मुलांचा हवेचा पूल आणला. मिडवाइफताईंनी तो फुगवायला लावला, मला आत बसवलं आणि म्हणाल्या, "आता कडेवर सगळा भार टाका." कड दुमडली आणि मी जमिनीवर. शिवाय तो इतका उथळ, की पोट अर्धं वरच राहिलं असतं. पोट पूर्ण पाण्याखाली गेलं तरच अंगाचं ओझं हलकं होतं. मग लंबगोल बर्थ पूल मागवला. कड 65 सेंटिमीटर उंच, तीन कडी वेगवेगळी फुगवायची, म्हणजे एक फुटलं तरी बाकीची उभी राहतात. तळही हवेचा, त्यामुळे गुडघे दुखत नाहीत. आतल्या बाजूला धरायला मुठी. वर एकदाच वापरायचं प्लास्टिकचं अस्तर. वास फार होता, म्हणून चार दिवस पडवीत उघडा ठेवला.

नवऱ्याला तो माडीवर हवा होता, वारा येतो म्हणून. पण 500 लिटर पाणी म्हणजे अर्धा टन, वर मी, आणि खाली शंभर वर्षांचे लाकडी वासे. मी साफ नाही म्हटलं. खालीच, माजघरात, ताडपत्री आणि दोन जुन्या गोधड्या घालून जागा केली.

विहिरीचं पाणी तपासून घेतलं तर त्यात कोलिफॉर्म निघाले, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू. पावसाळ्यात आमच्या विहिरीत वरचं गढूळ पाणी उतरतं. म्हणून नळाचंच वापरायचं ठरवलं. झाडांना घालायची जुनी नळी बाद केली, आतून बुळबुळीत झालेली असते. पिण्याच्या पाण्याची नवी नळी आणली.

आता ऊन पाणी. नळाचं पाणी 27 अंश, हवं 37. हिशेब केला: साधारण 430 लिटर थंड पाण्यात 70 लिटर उकळतं. गिझर 15 लिटरचा, आणि पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. मी कागद घेऊन बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "इतकंच ना गो? दोन भाणं पाणी." न्हाणीतलं तांब्याचं भाण 40 लिटरचं. त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून सुकी लाकडं आणि नारळाची सोडणं आत आणून रचायला घेतली.

पाणी आधीच भरून, तापवून ठेवावं असंही माझ्या मनात होतं. ताईंनी ठाम नकार दिला. कोमट पाणी साठून राहिलं की लिजिओनेला नावाचा, फुप्फुसांना बाधणारा जंतू वाढतो. 2014 साली इंग्लंडमध्ये आधीपासून भरून ठेवलेल्या अशाच पूलमध्ये जन्मलेल्या बाळाला त्याचा संसर्ग झाला होता. म्हणून आयत्या वेळी किती वेळ लागेल ते कळावं म्हणून एक दिवस आम्ही नुसतं भरून पाहिलं. 1 तास 50 मिनिटं लागली. ते पाणी माडांना घातलं. पूल भरलेला असताना मोठ्या मुलीला एक क्षणही एकटं सोडलं नाही.

प्रत्यक्ष बाळंतपणाच्या रात्री साडेदहाला कळा धरल्या आणि मी घाई केली. साडेबारालाच पाण्यात उतरले. अर्ध्या तासात कळा मंदावल्या. ताईंनी बाहेर काढून पडवीत चालायला लावलं, ते मला जड गेलं, रडूही आलं. दोनला पुन्हा उतरले तेव्हा मात्र कमरेतली ती चावणारी कळ सैल पडली. वीज गेलेलीच होती. सासूबाई भाणातून बादली भरून आणायच्या, मी पाय बाजूला घ्यायचे, त्या कडेने सावकाश ओतायच्या आणि कोपर बुडवून बघायच्या. ताई थर्मामीटर बघायच्या, 37.5 च्या वर जाऊ द्यायचं नाही. दोघींचं बहुतेक वेळा जुळायचं. दर पंधरा मिनिटांनी, आणि जोर यायला लागल्यावर दर पाच मिनिटांनी, पाण्यात चालणाऱ्या डॉप्लरने बाळाचे ठोके.

3:40 ला मुलगा झाला. ताईंनी त्याला हळू वर घेतलं, नाळ ताणली जाऊ नये म्हणून अगदी हळू, आणि तोंड हवेत आल्यावर तो रडला. वार पडायला मला बाहेर गादीवर घेतलं, कारण पाण्यात रक्त किती गेलं ते कळत नाही.

नवऱ्याने पाणी न्हाणीच्या मोरीत सोडलं, अस्तर गुंडाळलं. पंचायतीत 21 दिवसांच्या आत जन्माची नोंद करायची असते, घरच्या कर्त्या माणसाने. सासरे बाराव्या दिवशी गेले. जन्माच्या जागी आमच्या घराचा नंबर लिहून आले.