चीक, पकड आणि ओले लंगोट

बाळंतपणाची बॅग भरताना दुपटी-टोपडी आठवतात. पाजायचं कसं, हे मात्र 'दवाखान्यात बघू' म्हणून राहून जातं. ते आठव्या महिन्यातच समजून घ्यावं.

जन्मानंतर पहिल्या तासातच बाळ छातीशी हवं, सिझर झालं तरी. सुरुवातीचा घट्ट, पिवळसर चीक जेमतेम चमचाभर येतो आणि 'दूधच नाही' अशी घरात कुजबुज सुरू होते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी तेवढाच पुरतो. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं.

खरी गोम पकडीत, म्हणजे बाळ स्तन तोंडात कसं धरतं त्यात आहे. बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक बोंडासमोर. बोंड वरच्या ओठाला टेकवा, जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला छातीकडे आणा. आईच वाकली की पाठ धरते. हनुवटी स्तनात रुतलेली आणि खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसला पाहिजे. पाजून झाल्यावर बोंड तिरकं, चपटं दिसलं, तर बाळ नुसतं बोंडच चोखतंय. भेगा त्यानेच पडतात. अशा वेळी ओढून सोडवू नका. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवा, पकड सुटते. पुन्हा लावा.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ लंगोट ओले झाले, तर दूध पुरतंय. नुसत्या रडण्यावरून पावडरच्या दुधाचा डबा आणू नका. लघवीचे विटकरी डाग पाचव्या दिवसानंतरही दिसले, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मध चाटवणं नको, आजी कितीही रुसल्या तरी. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो.