टप उघडा, टप बंद

इंग्लंडात पाऊस सांगून येत नाही म्हणतात, ते खोटं आहे. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा कापडी टप उघडला की तो येतोच.

गाडी १९६४ ची, इथून जवळच ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. तिचा टप म्हणजे छोटा तंबूच. डिकीतून सांगाड्याचे तुकडे काढायचे, सीटमागे खोबणीत बसवायचे, वर कापड पांघरायचं, पुढे काचेच्या चौकटीला अडकवायचं आणि मागून ताणून बटणं लावायची. दुमडणारा टप हवा तर तेव्हा जादा पैसे पडत. गाडीच्या पहिल्या मालकाने ते वाचवले. परवा सर आली तेव्हा मी मदतीला धावलो. "ओढ, अजून ओढ, तुझ्या बाजूला सुरकुती राहिली!" गणपतीच्या मांडवावर ताडपत्री चढवताना काका मंडळी ओरडतात तसंच सगळं, फक्त मधूनमधून 'प्लीज'. शेवटचं बटण लागलं तेव्हा पाऊस थांबला होता आणि सीटवर तळं साचलं होतं. आजोबा रुमालाने ते टिपत होते, चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद.

त्यांचा जावई आल्फा रोमिओ स्पायडर घेऊन येतो. पिनिनफारिना या गाड्या घडवणाऱ्या कंपनीने घडवलेली ही इटालियन गाडी १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. नावासाठी स्पर्धा घेतली, 'दुएत्तो' निवडलं, तर त्या नावाचं चॉकलेट-बिस्किट आधीच बाजारात! मग ते नाव नुसतं लोकांच्या तोंडी राहिलं. मागच्या गोल, निमुळत्या आकारामुळे इटलीत तिला माकूल या समुद्री प्राण्याचं हाड म्हणतात. म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेन. एकदा हे कळल्यावर मला ती गाडी दुसरी कशासारखी दिसतच नाही.

तिचा टप? बसल्या जागी हात मागे न्यायचा, पुढे ओढायचा, काचेवरचे दोन आकडे लावायचे. सिग्नल हिरवा व्हायच्या आत काम खलास.

बाकी हिशेबही एकतर्फीच. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं, बिडाचं, ताकद ९५ हॉर्सपॉवरच्या आसपास. आल्फाचं १५७० सीसीचं, ॲल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्टचं, तरी ताकद १०९ च्या घरात. शिवाय गियर चाराऐवजी पाच. दांडा डॅशबोर्डाखालून तिरका हाताशी येतो, मात्र स्टिअरिंग इतकं लांब की हात पुरेपूर ताणायचे आणि गुडघे दुमडायचे. मांडी घालायचीच काय ती बाकी.

पण उन्हाच्या देशाने टप एका हाताचा करावा आणि पावसाच्या देशाने तो दोन माणसांचा, हे काही केल्या माझ्या पचनी पडेना. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "एका हाताने झाला असता, तर तू आला असतास का?"

काल लख्ख ऊन पडलं होतं. आजोबांनी दार वाजवलं, "येतोस का चक्कर मारायला?" मी रेनकोट शोधून बाहेर आलो, तर समोरच्या बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या.