आमची वाटचाल : मास्क विकण्यापासून मास्क घालायला शिकवण्यापर्यंत

आमची सुरुवात दुकानातून झाली. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीजवळ, मुंबई-गोवा महामार्गालगत, मी आणि माझा धाकटा भाऊ हेल्मेट, सेफ्टी शूज, हातमोजे आणि मास्क विकायचो. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून मी एका कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढली होती. कुठला माल कशासाठी असतो, एवढं आपल्याला नक्की कळतं असं मला वाटायचं.

किनाऱ्यावरच्या एका बर्फ कारखान्याचा ऑपरेटर एकदा गॅसचा मास्क घ्यायला आला. कसल्या गॅससाठी, हे मी विचारलंच नाही. समोर होता तो दिला, सॉल्व्हंटच्या, म्हणजे द्रावकाच्या, वाफांसाठीचा. बर्फ कारखान्यात गारव्यासाठी अमोनिया असतो आणि अमोनियाला हिरव्या पट्टीचं कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लावायची गाळणी, लागतं. महिन्याभरात तिथे कॉम्प्रेसरजवळचा एक व्हॉल्व्ह गळला आणि तो माणूस आमच्या मास्कवर विश्वास ठेवून आत गेला. वाचला, पण आजही जिना चढताना मध्येच थांबतो. "मास्क नसता तर हे आत गेलेच नसते," असं त्याची बायको मला म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्या दिवसापासून दुकानात एक नियम झाला: गॅसचं नाव सांगितल्याशिवाय मास्क मिळणार नाही. काही गिऱ्हाइकं वैतागून दुसरीकडे गेली. काही मालक म्हणाले, "ताई, आमच्या पोरांना हे तुम्हीच येऊन सांगा ना." प्रशिक्षणाच्या कामात आम्ही आलो ते असे.

पहिली प्रशिक्षणं मात्र वाईट झाली. प्रोजेक्टर, एकामागून एक स्लाइड, रात्रपाळी करून आलेली आणि डोळे मिटायला लागलेली माणसं, शेवटी हजेरीपटावर सह्या. एकदा सही करून निघालेल्या एका कंत्राटी कामगाराला मी सहज मास्क लावायला सांगितलं. त्याने तो लावला, पण खालचा पट्टा मानेमागे न नेता हनुवटीखाली लोंबत ठेवला. दोन तास मी बोलले होते आणि एकदाही मास्क कुणाच्या हातात दिला नव्हता.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, तेव्हाच्या कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. आपल्या आरोग्याशी आणि सुरक्षिततेशी संबंधित माहिती आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क आहे, असं त्याच दुरुस्तीने कलम १११-ए मध्ये लिहिलं गेलं. हक्क कामगाराचा आहे, म्हणून शिकणंही त्याच्या भाषेत आणि त्याच्या हातांनी व्हायला हवं. आता आम्ही रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक घेऊन बसतो. त्याचे १६ भाग असतात आणि बहुतेक वेळा ते इंग्रजीत असतं. आम्ही आधी चारच भाग शोधायला शिकवतो: दुसरा धोक्यांचा, चौथा प्रथमोपचाराचा, सहावा गळतीचा, आठवा अंगावर घालायच्या साधनांचा. शाळा अर्धवट सुटलेला माणूसही आकडे वाचतो. बाजूच्याने मजकूर वाचून दाखवला की काम होतं.

मास्क चेहऱ्याला नीट बसलाय का, हे पाहायला केळ्यासारख्या वासाचा एक द्रव असतो. सॉल्व्हंटचं कार्ट्रिज लावलेला मास्क घालायचा, जवळ त्या द्रवाचा बोळा धरायचा, मग मान वळवायची, मोठ्याने आकडे म्हणायचे. केळ्याचा वास आला तर फट आहे. पहिल्या फेरीत वर्गात निम्मे हात वर जातात. दाढी असेल तर असा मास्क बसत नाही. दाढी काढा, असं आम्ही कुणाला सांगत नाही. त्या माणसाला गळतीच्या वेळी बाहेरच्या, लांबच्या व्हॉल्व्हवर नेमा, असं मालकाला सांगतो.

रसायनाच्या कारखान्यांत निदान सुरक्षा अधिकारी तरी असतो. बर्फ कारखान्यांत आणि बंदरावर तेवढंही नसतं, म्हणून हळूहळू आमचं मन तिकडेच जास्त ओढत गेलं. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे वाफेवर पाण्याचा फवारा मारायचा. पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी कधीच टाकायचं नाही. तो उणे ३३ अंशाला उकळतो, पाण्याच्या उबेने आणखी उसळतो. हे आम्ही शिकवत होतो. वारा मात्र आम्हाला एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, शिकवला. कारखान्याच्या पूर्वेच्या गेटवर आम्ही 'येथे जमावे' असा फलक लावला होता. तो म्हणाला, "बाय, दुपारी खारा वारा दर्यावरनं येतो. तुमचा गॅस तुमच्याच फलकावर." रात्री मतलई जमिनीकडून वाहते, तेव्हा ते गेट बरोबर. आता प्रत्येक बर्फ कारखान्यात जमायच्या जागा दोन असतात आणि छपरावर एक फडकं बांधलेलं असतं. आधी फडकं बघायचं, मग पळायचं, तेही वाऱ्याला आडवं.

सगळ्यात अवघड काम नौकेवरचं. नौकेला तो कारखाना कायदा लागूच नव्हता. मासळी साठवायच्या खणात राहिलेले मासे आणि घाण पाणी सडलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण १०० भाग झाला की काही मिनिटांत नाक बधिर होतं. खलाशाला वाटतं, वास गेला म्हणजे गॅस गेला. एक खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बंदिस्त जागेतल्या मृतांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात, असा इशारा अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये दिला होता. आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची पद्धत होती. प्राणवायू कमी असेल तर तो विझतो, पण विषारी गॅस त्याला कळत नाही, आणि हा गॅस तर पेट घेतो. म्हणून आम्ही दोरीला गॅस मीटर बांधून खणात सोडतो: वर, मध्ये, तळाला. प्राणवायूचा आकडा २०.९ टक्क्यांच्या आसपास हवा. १९.५ च्या खाली गेला तर कुणीही उतरायचं नाही. तिथे कार्ट्रिजचा मास्कही उपयोगाचा नाही, कारण तो हवा गाळतो, प्राणवायू पुरवत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी मोकळे असतात आणि बर्फ कारखान्यांची दुरुस्तीही निघते. आमचे हे दोन महिने पावसात, जेटीवर, ताडपत्रीखाली जातात. खलाशांत नेपाळी मुलं खूप आहेत. त्यांच्यासाठी त्यांच्यातल्याच एकाकडून आम्ही सूचना नेपाळीत रेकॉर्ड करून घेतल्या.

नुसतं प्रमाणपत्र हवं, माणसं सोडता येणार नाहीत, असे फोन अजूनही येतात. ती कामं आम्ही घेत नाही. एका वर्षी त्यामुळे भावाला दुकानावर कर्ज काढावं लागलं. त्याने तक्रार केली नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

तो ऑपरेटर आता आमच्याबरोबर असतो. दम लागतो म्हणून बसूनच शिकवतो. समोर चार रंगांची कार्ट्रिजं मांडतो आणि प्रत्येकाला एकच विचारतो, "तुझ्या कामाच्या जागी गॅस कुठला?" नाव सांगितलं नाही तर तो कार्ट्रिजला हात लावू देत नाही.