पिकअप घरचे की विकतचे: सागाच्या गिटारीचा लॉग

मागच्या नोंदीनंतर बॉडीचं काम उरकलं. साग आहे, जड आहे, खांदा दुखेल. असं जे म्हणत होते त्यांना आधीच हो म्हणून टाकतो. नेक बसला, ब्रिज बसला, ट्युनर लागले. इलेक्ट्रिक गिटार आहे, त्यामुळे पिकअप, म्हणजे तारांची थरथर चुंबक आणि कॉइलने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग, बसायचे आहेत; पिकगार्डातले (बॉडीवरच्या पट्टीतले) त्यांचे तीन खाचे मात्र अजून रिकामे आहेत. आणि आपल्यात नेहमीचा वाद परत सुरू झालाय: गिटार बनवणाऱ्याने पिकअपही स्वतःच बनवावेत, की ते काम पिकअपवाल्यांवर सोडून द्यावं?

माझं मत आधीच सांगतो, मग भांडा. पिकअपमधला पोलचा भाग, म्हणजे सहा चुंबक कुठे बसणार आणि किती वर येणार, हे गिटार बनवणाऱ्याचंच काम. वायर कोण गुंडाळतो याला मी फारशी किंमत देत नाही. मजा म्हणजे वाद होतो तो सगळा वायरवर. वायरवरचा लेप फॉर्मव्हार की प्लेन इनॅमल, गुंडाळणं हाताने की मशीनवर. पोलबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आता माझ्याच गिटारीचं बघा. स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, 648 मिमी. ब्रिजवर सॅडलचं, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यांचं, अंतर 10.5 मिमी, म्हणजे दोन टोकांच्या ई तारांमध्ये 52.5. नटवर, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर, तेच 35. तारा नटाकडे निमुळत्या होत जातात, त्यामुळे ब्रिजपासून 40 मिमीवर, जिथे ब्रिजचा पिकअप येतो, तिथे रुंदी 51.4 उरते. मधल्या पिकअपवर 49.8. नेकचा पिकअप ब्रिजपासून 162 मिमीवर, तिथे 48.1. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) संचांत तिन्ही पिकअपांचे पोल 52 मिमीवर असतात. म्हणजे नेकवर दोन्ही ई तारा पोलच्या मध्यापासून जवळजवळ 2 मिमी आत. पोलचा व्यास 5 मिमीच्या आतबाहेर, त्यामुळे तार पोलच्या कडेला येऊन ठेपते. एवढ्याने आवाज मरत नाही, चुंबकाचं क्षेत्र तेवढं अरुंद नसतं. पण दिसायला वाईट दिसतं, आणि पातळ ई बी तारेच्या दिशेने बेंड केली की फरक कानाला लागतो. मला तरी लागतो.

हे झालं अंतराचं. उंची जास्त महत्त्वाची. 1954 साली स्ट्रॅट आली तेव्हा लोक तिसरी तार, म्हणजे ‘जी’, वरून बारीक तार गुंडाळलेली वापरत. म्हणून जीचा पोल चांगला वर काढलेला, बीचा खाली. आज आपण 10-46 चा (जाडी इंचाच्या हजारांशात) संच लावतो, त्यात ‘जी’ तार साधी, 17 ची असते. साध्या जीखाली तो उंच पोल ठेवला की जी किंचाळते आणि बी दबते. तरीही ‘व्हिंटेज’ म्हणून तीच उंची आजही विकली जाते. त्यात जुन्या फ्रेटबोर्डची गोलाई 7.25 इंच होती, माझी 12 इंच. 50 मिमी रुंदीत 7.25 वर मधल्या तारा कडेच्या तारांपेक्षा पावणेदोन मिमी उंच येतात, 12 वर जेमतेम 1. जुनी उंची माझ्या गिटारीला कशी चालेल?

आणि इथेच खरी गोम आहे. फेंडर पद्धतीच्या सिंगल कॉइलमध्ये वायर थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, मध्ये प्लास्टिकचं बॉबिन नसतं. एकदा गुंडाळल्यावर पोल दाबून खाली करायला गेलात तर आतली वायर तुटते आणि पिकअप मेला. हंबकरच्या, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपच्या, स्क्रूसारखं नंतर पिळता येत नाही. म्हणजे पोलची उंची वायर चढण्याआधी ठरवावी लागते, आणि ती ठरवू शकतो फक्त तो, ज्याला फ्रेटबोर्डची गोलाई, तारांचा संच आणि ब्रिजचं अंतर ठाऊक आहे. तो म्हणजे गिटार बनवणारा.

म्हणून चुंबक धरणाऱ्या वरखालच्या पट्ट्या मी हायलमच्या (कडक इन्सुलेशन शीटच्या) तुकड्यातून कापल्या. तिन्ही पिकअपांना वेगवेगळी भोकं: 51.4, 49.8, 48.1. भोक रॉडपेक्षा किंचित लहान, म्हणजे अल्निको 5 या चुंबकी मिश्रधातूचे रॉड वाइसमध्ये हळू दाबून घट्ट बसतात. कागदावर 12 इंचाची कमान काढली, तिच्यावर पोलचे माथे जुळवले, ‘जी’चा पोल अर्धा मिमी खाली घेतला. मग खालच्या बाजूला आयलेट (वायर जोडायच्या छोट्या कड्या), मग चुंबकांवर पातळ टेपचा एक थर, कारण हायलमच्या कडा आणि रॉडचे काठ दोन्ही वायर कापतात. रॉड चुंबकत्व न दिलेले आले होते, ते नंतर दोन निओडिमियम ब्लॉकच्या मधून नेऊन चार्ज केले. मधल्या पिकअपच्या चुंबकांची दिशा उलटी ठेवली आणि तो उलटा गुंडाळला, म्हणजे स्विचच्या दुसऱ्या-चौथ्या पोझिशनला, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, 50 हर्ट्झची घुरघुर जाईल.

आता वायर. ठाण्यात राहून हा छंद करणाऱ्या नवख्यांनी हा भाग नीट वाचा. सगळीकडे लिहिलेलं असतं, ‘42 नंबर वायर’. वागळे इस्टेटमध्ये एक रिवाइंडिंगवाले काका आहेत, मोटारी आणि चोक गुंडाळतात. त्यांना विचारलं, "काका, 42 नंबर आहे का?"

त्यांनी चष्मा वर केला. "आहे की. कशाला पाहिजे?"

पट्ट्या आणि रॉडचं माझं बॉबिन दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि हसले. "अहो, आमची 42 म्हणजे एसडब्ल्यूजी. यावर किती वेढे म्हणालात, आठ हजार? मावायची नाही. तुम्हाला 46 लागेल, आणि ती माझ्याकडे मोटारीला लागत नाही म्हणून नाही."

बरोबर होते. अमेरिकन 42 म्हणजे 0.0635 मिमी. आपल्याकडच्या एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश, मोजमापात 42 म्हणजे जवळपास 0.1 मिमी, जागा अडीच पट खाते. एसडब्ल्यूजी 46 आहे 0.061, म्हणजे आपल्याला हवी तिच्या सगळ्यांत जवळची. शेवटी रीळ मुंबईच्या लोहार चाळीतून आणलं. वजनावर मिळतं, आणि एका कॉइलला तांबं लागतं 30 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे अर्धा किलोचं रीळ मला म्हातारपणापर्यंत पुरेल. पैशाचा मुद्दा काढणाऱ्यांना इतकंच, की वायर स्वस्तच आहे. महाग पडतात चुंबक आणि आपला वेळ.

मशीन म्हणजे शिलाई मशीनची मोटर, तिचंच पायाचं पेडल, आणि शाफ्टवर एक छोटं चुंबक. समोर ते चुंबक गेलं की खूण देणारा हॉल सेन्सर आणि वेढे मोजणारा काउंटर. गुंडाळताना पंखा बंद करावा लागतो. हवेच्या झोताने वायर थरथरते आणि ताण बदलतो. मे महिन्यात नौपाड्यातल्या वन रूम किचनमध्ये पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. घामाच्या बोटांनी वायर धरू नका. मिठाने तांबं आतून हिरवं पडतं आणि वर्षा-दोन वर्षांनी कॉइल उघडी पडते, म्हणजे आत वायर तुटून बंद पडते. सुती हातमोज्याचा अंगठा आणि तर्जनी कापून तेवढेच घालतो. वायर चिमटीत फेल्टच्या तुकड्यातून सोडायची; ताण इतकाच की वेढा ढिला पडू नये. वायर डावीकडून उजवीकडे थोडी बेशिस्त फिरली तरी चालते. उलट वेढे एकावर एक अगदी चिकटून न बसल्याने कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) जरा कमी होते. हाताने गुंडाळण्याचा जो काही फायदा आहे तो एवढाच. बाकी सगळी जाहिरात.

आकडे बघा. ब्रिजच्या कॉइलवर 8000 वेढे, एसडब्ल्यूजी 46: रेझिस्टन्स 6.5 किलोओहम. तुलनेसाठी एका मित्राकडून उसनी आणलेली अमेरिकन 42 ची कॉइल, तेवढेच वेढे, तोच आकार: 6 किलोओहम. एलसीआर मीटरवर इंडक्टन्स, म्हणजे वेढे आणि आकारावर ठरणारा कॉइलचा गुण, दोन्हींचा 2.5 हेन्रीच्या आसपास. म्हणजे 6.5 वाली ‘हॉट’ (जास्त आउटपुटची) नाही, फक्त तिची वायर थोडी बारीक आहे. आणि त्यात तापमान: तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला 0.39 टक्के वाढतो. जानेवारीच्या पहाटे 20 अंशांना 6 मोजलेली कॉइल मेच्या दुपारी 35 अंशांना 6.35 दाखवते. पिकअप विकणारे रेझिस्टन्सवर ‘आउटपुट’ सांगतात तेव्हा मला गंमत वाटते.

इंडक्टन्स कळला की रेझोनन्सचा, म्हणजे पिकअप कुठल्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यांत उठून वाजतो त्याचा, अंदाज कागदावर निघतो. 2.5 हेन्री, 5 मीटरची केबल म्हणजे साधारण 500 पिकोफॅरड कपॅसिटन्स, कॉइलची स्वतःची 100. शिखर येतं 4.1 किलोहर्ट्झवर. तीच गिटार 10 मीटरच्या केबलवर लावा, शिखर 3 वर उतरतं. म्हणजे लांब केबल जेवढा फरक करते तेवढा कुठल्याही गुप्त इनॅमलने होत नाही. ऐरोलीचा आमचा मित्र बँडमध्ये वाजवतो आणि नेहमी म्हणतो, "स्टेजवर माझा आवाज मेलेला वाटतो." पिकअप बदलायच्या आधी केबल बदल रे बाबा, एवढंच सांगतो.

जुन्या कारखान्यांचं उदाहरण लोक दोन्ही बाजूंनी देतात. गिब्सन कंपनीने पिकअप घरातच केले, आणि तिथल्या सेथ लव्हरच्या हंबकरने इतिहास घडवला. पेटंटचा अर्ज 1955 चा, मंजुरी 1959 ची, त्यावरच्या ‘पेटंट अप्लाइड फॉर’ या स्टिकरवरूनच त्याला पीएएफ हे नाव पडलं. पण त्या पीएएफमध्ये एकसारखेपणा नव्हता. वेढे कमीजास्त, चुंबकाची जात कधी ही कधी ती, रेझिस्टन्स 7 पासून 9 किलोओहमपर्यंत. आज त्यातले काही सोन्याच्या भावाने जातात आणि काही साधेच वाजतात. उलट ग्रेच ही गिटार कंपनी पिकअप बाहेरून घेत असे, डीआर्मंडचे. ग्रेच वाजवणारे गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सना ते आवडेनात, चुंबक तारा ओढून धरतो अशी त्यांची तक्रार, आणि त्यातून रे बट्सचा फिल्टरट्रॉन हा हंबकर आला. घरचा असो वा बाहेरचा, वाजवणाऱ्याचं ऐकणारा कुणी हवा.

बदली पिकअपचा धंदा उभा राहिला तो 70 च्या दशकात. लॅरी डिमार्झियो 1972, सेमूर डंकन 1976. मोठ्या कारखान्यांच्या मालावर वाजवणारे नाराज होते आणि त्यांना जुना आवाज किंवा जास्त दणका हवा होता. पण हा धंदा चालला कारण खाचे ठरलेल्या मापाचे होते. डिमार्झियोचा सुपर डिस्टॉर्शन गिब्सनच्याच जागेत बसत होता, लाकूड कोरावं लागत नव्हतं. म्हणून घरचे पिकअप बनवणाऱ्यांना माझी एक अट आहे: पट्टीतली भोकं हवी तशी पाडा, पण बाहेरचा आकार आणि स्क्रूंचं अंतर प्रमाणितच ठेवा. उद्या ही गिटार डोंबिवलीतल्या कुणाकडे गेली आणि कॉइल उघडी पडली, तर त्याला दुकानातला पिकअप सरळ बसवता आला पाहिजे. ज्या बनवणाऱ्याच्या गिटारीत फक्त त्याचाच पिकअप बसतो, त्याच्याकडून मी तरी गिटार घेणार नाही.

पॉटिंग, म्हणजे कॉइल वितळलेल्या मेणात बुडवून वेढे घट्ट करणं, झालं. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, स्टीलच्या डब्यात, डबा पातेल्यातल्या पाण्यात, 65 अंशांना. थेट गॅसवर कधीही नाही. कॉइलमधून बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढायची. घरच्यांना मेणाचा वास आवडत नाही, त्यामुळे ही कामं बाल्कनीत.

ब्रिज आणि मधला पिकअप तयार आहे. नेकची पट्टी भोकं पाडून पडलीय, चुंबक बसायचेत. पुढच्या गिटारीत ब्रिजला हंबकर हवाय, आणि तो मी विकत घेणार आहे. त्यात दोन बॉबिन, मधला चुंबक, स्पेसर, बेसप्लेट, कव्हर. आणि उंची नंतर स्क्रूने पिळता येते. म्हणजे माझ्या हातात ठरवण्यासारखं जे होतं ते तिथे आधीच मोकळं आहे. फक्त पोलचं अंतर विचारून घ्यायचं, 50 की 53. दुकानदाराने ‘सगळ्यांना चालतं’ असं उत्तर दिलं तर दुसरं दुकान बघा.