पानावर ‘सापडला नाही’, कोड मात्र २००

लेख नाही हे वाचकाला सांगायला मला पाच मिनिटं लागली होती. तेच सर्व्हरच्या तोंडून वदवून घ्यायला तीन दिवस गेले.

साइट साधीच, पीएचपीत लिहिलेली. पत्त्यातून लेखाचा क्रमांक घ्यायचा, डेटाबेसमध्ये शोधायचा, मिळाला तर दाखवायचा, नाही तर ‘हा लेख सापडला नाही’ असं नेटकं पान. वर्षभर बिनबोभाट चाललं. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ‘सॉफ्ट ४०४’ या नावाखाली माझ्या पत्त्यांची यादी लागली. म्हणजे पान नाही म्हणतंय आणि स्टेटस कोड (सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत पाठवतो तो आकडा) २००, म्हणजे सगळं ठीक. हवा होता ४०४, म्हणजे सापडलं नाही. स्क्रिप्टने स्वतःहून दुसरा कोड दिला नाही तर पीएचपी २०० पाठवतं, हे मला ठाऊक होतं. लक्ष दिलं नव्हतं, एवढंच.

आधी केला तो उपाय चुकीचा. लेख नसेल तर वेगळ्या एरर पानाकडे रीडायरेक्ट, म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर धाडणं. लोकेशन हेडर (मजकुराआधी जाणारी, नवा पत्ता सांगणारी ओळ) दिला की पीएचपी ३०२, म्हणजे ‘तिकडे जा’ हा कोड लावतं, मग ते एरर पान आपला २०० देतं, आणि मूळ पत्त्याला ४०४ कधी मिळतच नाही. हे करू नका. त्याच पत्त्यावर आधी हेडर फंक्शनने ४०४, मग एरर पान इन्क्लूड (तिथेच जोडून घेणं), मग एक्झिट (स्क्रिप्ट थांबवणं). एक्झिट राहिलं तर त्या पानाखाली लेखाचा रिकामा सांगाडाही छापला जातो. माझा छापला गेला होता.

घरच्या मशीनवर ४०४ आला. सर्व्हरवर फाइल चढवली, कर्लने (ब्राउझरशिवाय पान मागवून सर्व्हरचं उत्तर दाखवणारा प्रोग्राम) तपासलं: २००.

पुन्हा चढवली. २००. अपाचे या वेब सर्व्हरच्या एचटीअॅक्सेस या सेटिंग फाइलमध्ये एररडॉक्युमेंटची, म्हणजे कुठल्या चुकीला कुठलं पान दाखवायचं ते सांगणारी ओळ टाकली, तर तिचा काही उपयोग नाही, कारण अपाचेच्या दृष्टीने काही हरवलेलंच नसतं. त्याला स्क्रिप्ट सापडलेली असते. (ती ओळ कधी वापरलीत तर तिच्यात एचटीटीपीपासूनचा पूर्ण पत्ता देऊ नका. अपाचे मग रीडायरेक्ट करतं आणि पुन्हा तेच ३०२.)

शेवटी होस्टिंगवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, ‘तुमचं पान आमच्याकडे व्यवस्थित दिसत आहे.’ मी लिहिलं, दिसण्याबद्दल तक्रार नाही, स्टेटस कोडबद्दल आहे. ‘कृपया ब्राउझरची कॅशे साफ करा.’ कर्लला कुठली आलीय ब्राउझरची कॅशे? मी कर्लचं आउटपुट जसंच्या तसं चिकटवलं. त्यावर स्क्रीनशॉट आला, ‘सापडला नाही’ या शब्दांभोवती लाल गोल काढलेला. म्हणजे बघा, येतंय की एरर! एरर लॉग कुठे मिळेल एवढंच मी पहिल्या दिवसापासून विचारत होतो. ते एका ओळीचं उत्तर तिसऱ्या दिवशी मिळालं.

लॉगमध्ये एकच इशारा शेकडो वेळा: हेडर बदलता येत नाही, आउटपुट आधीच सुरू झालंय, कॉन्फिग फाइल, ओळ १. स्टेटस ओळ सगळ्यात आधी जाते, मग हेडर, मग मजकूर. मजकुराचा एक बाइट जरी बाहेर पडला तरी कोड बदलायची वेळ गेलेली असते. पण ओळ १ वर तर पीएचपीचा उघडणारा टॅग सोडून काहीच नव्हतं. आधी स्पेस नाही, रिकामी ओळ नाही. अर्धा तास त्या एका ओळीकडे बघत बसलो.

होता तो बॉम, म्हणजे बाइट ऑर्डर मार्क. फाइलच्या तोंडाशी बसलेले तीन अदृश्य बाइट. साइटचं नाव मराठीत टाकायला ती फाइल मी एका जुन्या विंडोज मशीनवर नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ (मराठी अक्षरंही साठवता येणारी पद्धत) म्हणून सेव्ह केली होती. जुना नोटपॅड यूटीएफ-८ बरोबर बॉम चिकटवतोच. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून ती सवय गेली. घरच्या मशीनवर आउटपुट बफरिंग (मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवणं) ४०९६ बाइटांचं होतं, म्हणून ते तीन बाइट थांबून राहायचे आणि ४०४ आधी निघायचा. सर्व्हरवर बफरिंग बंद, आणि इशारे पानावर दाखवणंही बंद (ते बरोबरच आहे). म्हणून चूक दोन्हीकडे दिसेना.

एडिटरमध्ये ‘बॉमशिवाय यूटीएफ-८’ निवडून सेव्ह केलं. दहा सेकंदांचं काम. होस्टिंगवाल्यांनी तिकीट ‘समस्या सोडवली’ म्हणून बंद केलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

लॉगसाठी मी उगाच अडून बसलो, हे नंतर कळलं. ‘हेडर्स सेंट’ नावाचं फंक्शन आउटपुट कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर सुरू झालं ते थेट सांगतं. नुसता पीएचपी कोड असलेल्या फाइलमध्ये शेवटचा बंद करणारा टॅग लिहूच नका, त्याच्यामागे राहिलेल्या रिकाम्या ओळीही असाच घोळ घालतात. एरर पानावर मागितलेला पत्ता छापणार असाल तर एस्केप करून (त्यातली खास चिन्हं निष्प्रभ करून) छापा, नाहीतर कुणीही पत्त्यातून तुमच्या पानात स्क्रिप्ट घुसवेल. सीएसएसचे (पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइलींचे) पत्ते स्लॅशने सुरू करा. दोन फोल्डर आतला चुकीचा पत्ता आला तेव्हा माझं पान उघडंबोडकं दिसलं होतं. आणि जे लेख मी मुद्दाम काढून टाकले होते त्यांना आता ४१०, म्हणजे ‘कायमचं काढलं’ हा कोड देतो. ते हरवलेले नाहीत, मीच काढलेत.